मामीने इंजिनाचा आवाज उतरवला

ती. मामांना,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. शर्यतीच्या खेळासाठी घेतलेली खुर्ची इतकी बुटकी आहे, की उठल्यावरही पाठ लवकर सरळ होत नाही.) तुमच्या गुडघ्यांची चौकशी मामी रोज फोनवर करतेच, म्हणून मी वेगळी करत नाही. मामी इकडे माझ्याकडे मजेत आहे. तिच्याबद्दलच लिहायला बसलोय.

क्लबच्या संघात जागा मिळावी म्हणून मी वर्षभर संगणकावर गाडी पळवतोय आणि दर वेळी त्याच एका वळणावर गवतात जातोय, हे तुम्हाला ठाऊक आहे. इंजिन मात्र माझं असं गरजायचं, की खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य दोनदा जिना चढून आले. मामीचाही संयम लवकरच संपला आणि तिने आवाज कमी करायला सांगितलं. मी मोठ्या तोऱ्यात समजावलं, की इथे इंजिन, वारा, टायर, बाकीच्या गाड्या, सगळ्यांचे आवाज वेगवेगळे लावावे लागतात, हे काही रेडिओचं बटण नव्हे. तिने चष्मा लावला, मला खुर्चीतून उठवलं, इंजिन पार खाली आणलं, वारा जवळजवळ बंदच केला आणि टायर चांगले वर नेले. मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "बालवाडीत उभा जन्म गेला माझा. जो आरडाओरडा करतो, त्याला काही झालेलं नसतं. जो बारीक मुसमुसायला लागतो ना, त्याच्याकडे आधी बघायचं."

मामा, त्या वळणावर टायर खरोखरच बारीक मुसमुसले. मी पाय उचलला आणि गाडी रस्त्यावरच राहिली. वर्षभर ते बिचारे मला सांगत होते आणि मी आपला इंजिनाच्या गर्जनेवर खूश. अशी बाई आपल्या घरात आहे याचा मला फार अभिमान वाटला (तुम्हाला इतकी वर्षं वाटत असणारच, फक्त तुम्ही बोलून दाखवत नाही). काल क्लबच्या प्रमुखांचा फोन आला. गेल्या गुरुवारची माझ्या खात्यावरची फेरी त्यांनी तिकडून पाहिली, फार देखणी होती म्हणाले, रविवारच्या शर्यतीत माझी जागा पक्की. हे सगळं श्रेय मामीचं.

तुमचा भाचा

ता. क. मामीला परत बोलावण्याची घाई करू नका. रविवारी ती माझ्या शेजारी हवी. जेवणाचे हाल होत असतील तर सोसा.

ता. क. २. पाकीट चिकटवताना लक्षात आलं, की गुरुवारी मी दिवसभर कामावर होतो. मामीला विचारलं. आवाज नीट लागलेत का, ते बघायला ती स्वतः माझ्या खुर्चीत बसून एक फेरी मारून आली होती म्हणे. मी प्रमुखांना खरं ते सांगून टाकलं. ते म्हणाले, "मग रविवारी बाईंनाच बसवा." मामीने होकारही देऊन टाकलाय. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी आणि शनिवारच्या आत तिला बोलावून घ्यावं. हवं तर आजारी पडा.