विक्याने दिलेला आवाज

३ मार्च
गॅससाठी फोन केला, तर पलीकडून "हां भैया, बोलो." आई समोरच. मान खाली घालून मेथी निवडत राहिली.
पोलीस भरतीत गोळा लांब जावा म्हणून जिमच्या विकी सरकडून बारा आठवडे "रिकव्हरी"ची इंजेक्शनं घेतली. भरती गेली ती गेलीच, आवाजही गेला. मुडदा बशिवला त्याचा!

६ मार्च
पूनम सागरला डॉक्टरबाईंकडे गेले. विचारलं, दादाने पण त्याच बाटलीतलं घेतलं. त्याला नुसते पिंपल्स, मग मलाच का? म्हणाल्या, औषध एक, पण अंगं वेगळी. डोस किती, किती आठवडे, वय, लिव्हर, घराण्यातलं काय काय. आणि मुख्य म्हणजे तू बाई, डोस पुरुषाचा.
"आवाज?"
"एकदा उतरला की बहुतेक परत चढत नाही गं."
रिक्षात रडले. रडणंपण बाप्यासारखं.

७ मार्च
इंद्रलोकला जिममध्ये जाऊन जाब विचारला. विकी सगळ्यांसमोर म्हणतो, "बाकी कोणाला काय झालं? तुझ्याच बॉडीत लोचा आहे." सगळे हसले. हसा.
नवीन मुलगी दिसली, प्राची. पेणकरपाड्याची, भरतीचीच तयारी. वि. तिला बाटल्यांच्या कपाटाकडे बोलवत होता.

११ मार्च
मैत्रिणीच्या फोनवरून वि.ला लावला. "हां भाई, बोलो." ओळखलंच नाही! बोलले, मैं संतोष, बहन की भरती है. सुटलाच मग. "लड़कों को देता हूँ वही दूँगा. अभी एक लड़की का चालू है. एक की आवाज़ गई, पर वो पहले से आधी मर्द थी."
सगळं रेकॉर्ड.
फोन ठेवला. मग हसतच सुटले. स्वतः दिलेला आवाज, मेल्याला ओळखता आला नाही.

१२ मार्च
चौकीत पोलीसबाई म्हणाल्या, नुसत्या रेकॉर्डिंगने भागायचं नाही. बाटली आणा, आत्ता घेतेय तिला आणा.
दादा म्हणतो, "सोड ना वैशू, तुझीच बदनामी." होऊ दे. मला त्या जिमला टाळं बघायचंय.

१४ मार्च
प्राचीला ज्यूसवाल्याकडे गाठलं. रेकॉर्डिंग ऐकवलं.
"हा संतोष कोण?"
"मी."
 किती आठवडे झाले, मी विचारलं. तीन. आणि घसा?
"बसलाय जरा. सर बोलले, हवा बदललीय."
तिने बॅगेतून बाटली काढली, पण हातातून सोडेना. भरतीचं ग्राउंड अठ्ठावीसला आहे तिचं.
"ताई, विचार करून सांगू?"
एवढं बोलतानाही तिचा आवाज दोनदा फाटला.