काळ्या स्क्रीनचा मंत्र

बाबा,

मी निघालो. तुम्हाला उठवलं नाही. उठून तरी काय बोलला असतात?

कॉम्प्युटर सुरू होताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर स्क्रीनचा ताबा घेतो आणि ती काळी पडते. त्याला रोखायला मी दर वेळी टाइप करायचो तो शब्द म्हणजे नोमोडसेट. दुरुस्तीवाल्याने विचारलं तर हेच सांगा. 'मंत्र' म्हणालात तर त्याला कळणार नाही.

आज तो कायमचा घालून ठेवलाय. चुटकीसरशी झालं. आधीही झालं असतं. पण मी नोकरी सोडल्यापासून तुम्ही अबोला धरलात, आणि 'अरे, पडली बघ काळी' एवढीच काय ती तुमची हाक उरली होती.

आता स्क्रीन आपोआप लागेल. घराची किल्ली कीबोर्डखाली ठेवली आहे.