काचेमागून पाहिलेला घोट

प्रिय सरू,

चंद्रपूरहून लिहितोय. तुझा नंबर आहे माझ्याकडे, पण फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भलतंच काहीतरी बोलून बसेन, तीन वर्षांपूर्वी बोललो तसं. कागदावर निदान खोडता तरी येतं. घाबरू नकोस, तुझी आई दवाखान्यात भरती आहे. बोलते, चालते, शेजारच्या खाटेवरच्या बाईला भाजी कशी निवडावी तेही शिकवते. फक्त तिच्या गळ्याखाली अन्न उतरत नाही.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नाहीत. भेटीच्या वेळी तासभर आत जातो, बाकी दिवसभर बाहेरच्या बाकावर. आलापल्लीच्या जंगलात चौकीवर मी महिना महिना एकटा काढलाय, पण एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. इथे माणसंच माणसं, आणि प्रत्येकाला डबा आणून देणारं कोणीतरी आहे. मी कॅन्टीनमधून पोहे आणतो आणि अर्धे टाकून देतो.

झालं असं, की पोळ्यापासून तुझी आई फार वाळत चालली. मी म्हटलं, वय झालं. ती पेजेवरच राहायची. मला वाटलं, आवडत असेल तिला पेज. मग एक दिवस परसात बाईसाहेब ओकताना दिसल्या, आदल्या दिवशीचा भात जसाच्या तसा. तेव्हा मात्र तिचं काही न ऐकता बसमध्ये बसवलं आणि इथे आणलं. कुऱ्हाडीचा दांडा ठोकून कोणता साग आतून पोकळ आहे ते सांगणारा तुझा बाप! बत्तीस वर्षं वनरक्षक होतो, आणि घरातलं काही कळलं नाही.

डॉक्टरबाईंनी बेरियमचा एक्स-रे सांगितला. भिजवलेल्या खडूसारखं दाट पांढरं पाणी प्यायचं, आणि ते अन्ननळीतून उतरताना पडद्यावर दिसतं. तिला यंत्रासमोर उभं केलं, मला काचेमागे. आता तुझ्या आईची तऱ्हा बघ. घोट तोंडात घेतला आणि गिळेचना, गाल फुगवून नुसती उभी. अंगावर दवाखान्याचा झगा, पदर नाही, तर हातानेच तोंड झाकलं. एक्स-रे काढणारे भाऊ सांगून सांगून दमले, "गिळा न बाई, काऊन थांबल्या?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे पाहून लाजून राह्यल्या त्या." मी म्हणालो, "पी न सीता, कोनी नाई पाहून राह्यलं." खोटंच बोललो. मी पाहतच होतो.

तिने गिळलं. पांढरी धार छातीतून खाली आली आणि पोटाच्या तोंडाशी अडली. वर नळी फुगत गेली, खाली सुतासारखी बारीक वाट, आणि त्या वाटेने थेंब थेंब उतरत होतं. सरू, लग्नाला सदतीस वर्षं झाली. तुझ्या आईला काही गिळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझं ताट झालं की मग ती चुलीकडे तोंड करून बसायची, तोवर मी अंगणात खाटेवर आडवा. मला रडूच आलं. त्या भाऊंनी पाहिलं आणि पुढचा फोटो काढायला वळले.

फोटो बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, नळी खालच्या टोकाला अरुंद झाली आहे. वर्षानुवर्षांचं असेल तर बहुधा नळीचं तोंड आवळून बसण्याचा जुना आजार, आत फुगा घालून ते सैल करता येतं. पण दोन-चार महिन्यांतच सुरू झालं असेल तर गाठीची शंका धरावी लागते. दुर्बिणीने आतून बघणारच आहेत, तुकडाही तपासणार, पण कधीपासूनचं आहे ते नीट सांगा म्हणाल्या. तुझी आई म्हणते, "आता आताच होऊन राह्यलं, महिनाभर झाला असन." तिचं खरं मानायची मला भीती वाटते. मग बाईंनी मला विचारलं, घरी त्यांच्यासोबत जेवायला कोण बसतं?

प्रफुल्लशी लग्न करून तुम्ही दोघं घरी आलात आणि मी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, त्या दिवशी जाताना तू मला विचारलंस, "बाबा, तुमी आईले कधी जेवताना पाह्यलं का?" मी म्हणालो, बापाला शिकवू नको. मला वाटलं, टोमणा मारलास. आता वाटतं, तू काहीतरी सांगत होतीस. चुलीपाशी तिच्यासोबत बसून जेवणारी तू एकटीच. तर माझं उत्तर घे : नाही, कधीच नाही. आता तू सांग. तू काय पाहिलंस? घास उतरवायला तिला पाणी लागायचं का, कधीपासून, तेव्हा तू किती वर्षांची होतीस? दुर्बीण शुक्रवारी आहे. आपल्या चौकीवरचा जुना मजूर सुकलू उद्या तुमच्या ब्रह्मपुरीला येतोय, त्याच्याच हाती हे पत्र देतो. त्याला निरोप सांगितलास तरी चालेल. पण वॉर्डात बाईमाणसाला राहू देतात, सरू. आणि प्रफुल्ललाही आण. बाकावर माझ्याशेजारी जागा आहे.

उत्तर द्यायला तीन वर्षं लावणारा,
तुझाच
बाबा