पट्टीवरची पहिली जागा

अप्पा, माझा कागद दुरुस्त होऊन आला. गेल्या महिन्यात पोस्टमन जाड पाकीट देऊन गेला. ही देवघरात होती. मी सही केली, पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि आधी कॉफी प्यायलो. तुम्हाला वाटेल, हा मुद्दाम ताणून धरतोय. तसं काही नव्हतं, कॉफी गार होत होती. मग उघडलं. आता सरकारदरबारी मी त्या दिवशी सुट्टीवर नव्हतो, चौकीवर होतो, आणि तिथेच माझ्या खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा शिरला. सोबत एका डबीत जखमी जवानांना देतात ते पदक आणि त्याची रिबन. हिनं पदक देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं, शेजारणीला बोलावून दाखवलं. मुलीनं एचएसआर लेआउटमधल्या तिच्या घरून व्हिडिओ कॉल केला आणि तिकडे ती रडायला लागली. सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला काही वाटलं नाही. दात काढून आल्यावर आपण बधिर गाल चाचपून बघतो, तसं मी दोनतीनदा स्वतःला चाचपून बघितलं. काही नाही. मग मी अंघोळीला गेलो.

चूक काय होती ते तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही, कारण तुम्ही होतात तोवर ती मलाच ठाऊक नव्हती. तुमच्या लेकीच्या, अक्काच्या लग्नासाठी माझी सुट्टी मंजूर झाली, कारकुनानं ती लिहून टाकली, मी ट्रंक बांधली आणि त्याच रात्री बर्फानं रस्ता बंद झाला. कागदावर मी खाली उतरलो, अंगानं वरच राहिलो. नेमका तेव्हा गोळा पडला. म्हणजे खांदा फुटला त्या वेळी सरकारच्या हिशोबानं मी बेंगळुरात तुमच्या शेजारी मांडी घालून सारू-भात जेवत होतो. हे मला पेन्शनीत आल्यावर कळलं. पुढे जेवढे अर्ज केले त्या सगळ्यांना एकच उत्तर, की सदर दिवशी सदर जवान रजेवर होता. इतक्यांदा ते वाचलं की एकदा मीच आठवू लागलो, त्या दिवशी घरी भाजी काय होती.

आपलं दुकान डोळ्यापुढे येतं. कॅन्टोन्मेंटला आपल्या घरात सगळे दंडूच म्हणायचे, त्या दंडूतलं. पुढे कापायचं टेबल, मागे तुमचं मशीन, भिंतीवर रंगीत रिबनींची रिळं. फौजी माणसं गणवेश शिवायला येत आणि छातीवरच्या पट्ट्या करून घ्यायला. बोटभर रुंदीचं जाड कापड, त्यावर एकेका पदकाची रिबन मानाप्रमाणे शेजारीशेजारी शिवायची. या कामात तुमचा एकच हट्ट होता. पदक मंजूर झाल्याची सरकारी ऑर्डर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय रिबनला सुई लावायची नाही. आपल्याच लोकांतले एक निवृत्त सुभेदार मुलाच्या लग्नासाठी एक जास्तीची रिबन लावून मागत होते. "अहो, तिथं कोण बघतंय?" असं म्हणाले. तुम्ही दोरा दातानं तोडत म्हणालात, "मी बघतोय की." ते उठून गेले आणि पुन्हा आले नाहीत. आई दोन दिवस तुमच्याशी फणकाऱ्यानं बोलत होती. तुम्हाला त्याचं काही नव्हतं.

आणि मग मी येतो. हॉस्पिटलातून सुटलोय, हात अजून नीट वर जात नाही, माझ्यासाठी पुढे ढकललेलं अक्काचं लग्न तोंडावर आलंय. आमच्या पलटणीच्या सुभेदारसाहेबांनी निघताना जखमींच्या पदकाची रिबन माझ्या खिशात घातली आहे, ऑर्डर मागून येईल, तू लावून घे म्हणून. मी ती तुमच्या टेबलावर ठेवतो. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारता, "ऑर्डर?"

"येईल हो."

"बरं, सरी. आली की लावतो."

मी तिथेच शर्टाची बटणं काढली. म्हटलं, हे बघा, यापेक्षा मोठी ऑर्डर कुठली पाहिजे? तुम्ही उठलात, जवळ आलात, चष्मा खाली घेतलात आणि खांद्यावरच्या व्रणावरून अंगठा फिरवलात. तुमचा अंगठा खरखरीत होता. मग म्हणालात, "टाके बरे घातलेत." आणि थोड्या वेळानं, "पण ऑर्डर नाही की रे." आतून अक्का ओरडली, "लावा की हो अप्पा, फोटोपुरतं!" तुम्ही तिकडे न बघता म्हणालात, "फोटो राहतो की ग."

लग्नाच्या सकाळी गणवेशाला इस्त्री करून तुम्ही पट्टी माझ्या हातात दिलीत. तीन रिबनींची पट्टी, रिबनी दोनच. माझी ती मानानं दोन्हींच्या वरची, म्हणून मोकळी जागा सुरुवातीलाच, नुसतं हिरवट कापड. कडेला बारीक टीपसुद्धा घालून ठेवली होती, उसवू नये म्हणून. मी ती लावली, कारण दुसरी नव्हती. लग्नाच्या छत्रात जो तो विचारत होता, "अय्यो, एक पडलं काय रे?" मी प्रत्येकाला नाही म्हणत होतो आणि तुमच्यावर मनातल्या मनात धुमसत होतो. फोटोत ती जागा स्पष्ट दिसते. परका शिंपी असता तर त्यानं दोन रिबनींची पट्टी करून दिली असती आणि विषय संपला असता, हे माझ्या डोक्यात यायला पुष्कळ वर्षं गेली.

त्यानंतर दर सुट्टीला दारातच तुमचा प्रश्न असायचा, "आली काय रे?" मी बूट काढता काढता "नाही" म्हणायचो आणि तुम्ही "सरी" म्हणून आत वळायचात. तुम्ही असतानाच्या शेवटच्या सुट्टीला तुम्ही विचारलं नाहीत. तब्येत कशी आहे, गाडी वेळेवर होती का, एवढंच. ते मला लागलं, अप्पा. आज काही लागत नाही, पण ते लागलं होतं हे आठवतं.

शेवटी लष्करी न्यायाधिकरणात दावा लावला. त्याची सुनावणी मुलीच्या घरी लॅपटॉपवर झाली. मी वर कोट घातला होता आणि खाली लुंगी. चौकीवर ज्यानं माझ्या खांद्याला पहिलं बँडेज बांधलं होतं त्या सोबत्यानं गावाहून शपथपत्र पाठवलं, म्हणून जमलं. फोनवर मला म्हणतो, "तू किस ज़बान में गालियाँ दे रहा था, वो भी लिख दूँ क्या?" वकील बोलले, समोरचे बोलले, माझ्यावर बोलायची वेळ आलीच नाही. आटोपल्यावर मुलीनं इडल्या मागवल्या.

पाकीट आल्यानंतर ही मागे लागली, आता पट्टी पुरी करून घ्या, नातीच्या शाळेत झेंडावंदनाला कोटावर लावून जा. म्हणून तुम्ही शिवलेली ती पट्टी, रिबन आणि ऑर्डर पिशवीत घालून दंडूत गेलो. आपल्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात. पलीकडे फौजी सामानाचं एक नवं दुकान आहे. मालक तरुण आहे, अगदी अदबीनं वागणारा. बसायला स्टूल दिलं, पट्टी उलटसुलट करून बघितली, म्हणाला, कोणी शिवलीय, काम छान आहे. मी ऑर्डर उलगडून त्याच्यापुढे धरली. त्यानं ती न वाचता हळूच बाजूला सरकवली. "ये नक्को अंकल. आप बोले ना, बस." आणि सुईत दोरा ओवला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसावर विश्वास ठेवला त्यानं. मी मात्र "स्वल्प थांब" म्हणालो, पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि रिक्षा पकडून घरी आलो.

तुमचं मशीन मागच्या खोलीत आहे. त्यावर हिची इस्त्रीची कापडं साठतात. ती उचलली, धूळ पुसली. ऑर्डर सुईखाली सपाट पसरली आणि मशीनचा कापड धरायचा पाय खाली दाबला, पंख्यानं उडू नये म्हणून. अक्षरं तुम्ही बसायचात त्या बाजूला केली. शेजारी पट्टी ठेवली, रिबन ठेवली आणि वर चादर टाकली. खोलीत थोडा वेळ उभा राहिलो. मला वाटलं होतं, आता तरी काही होईल. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

हे लिहिलेलं पाठवायला पत्ता नाही, तेव्हा तेही त्याच चादरीखाली सरकवतो. ही रोज विचारते, पट्टी झाली का. मी सांगितलंय, शिंप्याकडे दिलीय, वेळ लागेल.