आबांच्या वर्षाच्या आत

विश्रामबाग, सांगली
मंगळवार

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा दुखतो, पण ते नेहमीचंच. मी पत्र लिहिणाऱ्यातली नाही हे तुला माहीत आहे. शाळेत निबंधाचंसुद्धा एक पान माझ्याच्यानं कधी भरलं नाही. पण तिकडं फौजेत तुझ्या पोस्टवर मोबाईल लागत नाही, आणि तू युनिटच्या फोनवरून करतोस तो आईच्या नंबरवर. आई तो स्पीकरवर टाकते. शेजारी तात्या असतात, काकू असते. त्यात मला बोलता येत नाही. आपल्या वाडीतल्या अर्जुनाची रजा संपली, तो परवा साताऱ्याहून निघतोय. तुमच्याच युनिटला येणार म्हणून त्याच्याकडे देतेय. दादाशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही, असं त्याला दोनदा सांगितलंय. तो म्हणाला, "आगं, मी काय तुजं पत्र वाचत बसणार हाय व्हय? मला माज्या बायकूची वाचायला वेळ न्हाई."

सुपारीचं तुला कळलंच असेल. या नाही, पुढच्या रविवारी कऱ्हाडची मंडळी आपल्याकडे येणार आणि सुपारी फुटणार. लग्न मार्गशीर्षात धरलंय, म्हणजे आबांच्या वर्षाच्या आत. फाल्गुनात वर्ष पुरं होतं. बाप गेला की पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं, ही रीत मलाही ठाऊक होती. वडूजला मैत्रिणीच्या घरी बघितली होती. पण आपल्या घरात ती आल्यावर कळलं की तिच्यामागं किती धावाधाव असते. दिवाळीला आपल्या दारात आकाशकंदील नव्हता. पाहुण्यांनी दुखवट्याचा फराळ आणून दिला, आणि तो फराळ समोर ठेवूनच सगळे माझ्या स्थळांची बोलणी करत होते.

मुलगा वाईट नाही. विश्वजीत नाव आहे. घरची उसाची बागायत, स्वतः कऱ्हाडातल्या एका कॉलेजात नोकरीला. बघायला आले तेव्हा त्यानं मला स्वयंपाकाचं विचारलं नाही. तुम्ही डोंगरावर फिरायला जाता ना, कुठं कुठं गेलाय, असं विचारलं. मी उत्तर द्यायच्या आधी तात्याच म्हणाले, "ते आता बंद केलंय." तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी ताटलीतल्या पोह्यांकडे.

तू दर वेळी विचारतोस, सांगलीत तू करतेस तरी काय. मी म्हणते काही नाही, आणि तू हसतोस. तर सांगते. सकाळी प्रियदर्शनीच्या स्कूटीवर मागं बसून कुपवाडला जाते. प्रियदर्शनी म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण. ती विट्याची, तिच्या वडिलांचं सोनं गाळायचं दुकान तिकडं मदुराईला आहे. आमच्या कारखान्यात पंपाचे भाग होतात. मी तपासणीला आहे. दिवसभर एकेक भाग हातात घ्यायचा, माप घ्यायचं, चांगला इकडं, वाईट तिकडं. बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडतं. संध्याकाळी मेसचा डबा, कधी नुसतं भडंग आणि चहा. आठवडा असाच जातो. आणि रविवारी आम्ही चौघं दोन गाड्यांवर निघतो. प्रियदर्शनी, मी, आमच्या मशीन शॉपमधला सिद्धू आणि त्याचा मित्र जयराज. दंडोबा झालं, सागरेश्वर झालं, मच्छिंद्रगड झाला. पहाटे निघायचं, पेठ नाक्यावर वडापाव खायचा, दुपारपर्यंत कुठल्यातरी टेकडीवर बसायचं आणि अंधार पडायच्या आत परत. त्यात लपवण्यासारखं काही नाही. सिद्धू अखंड बडबडतो. माझ्याबद्दल म्हणतो, "उत्कर्षा मॅडमचा कोटा असतोय. आज सकाळी गुड मॉर्निंग म्हणून बसल्या, आता बुधवारपर्यंत काय न्हाई."

आबा गेले त्या दिवशी मला कारखान्यातून वाडीला आणून सोडलं ते सिद्धूनंच. हे तुला कुणी सांगितलं नसेल. एसटीची वाट बघत बसले असते तर मला तोंडसुद्धा बघायला मिळालं नसतं. विट्यावरून, मायणीवरून आलो. एवढा बडबड्या माणूस, पण वाटेत एक शब्द बोलला नाही. मला फाट्यावर उतरवलं आणि तिथूनच परत फिरला.

घरी पोचले तर सगळे माझ्यासाठी थांबलेले. बायकांनी मला धरलं. "रड गं, मोकळी हो," असं चारी बाजूंनी चाललेलं. मला रडू येईना. अंबूबाई आत्यानं पोरगी थिजली म्हणून माझ्या दंडाला चिमटा काढला, तरी येईना. मी आबांच्या पायांकडे बघत होते. जीप धुताना गेले ना, त्यामुळं पायांच्या बोटांत अजून ओली माती होती. ती कुणीतरी पुसायला हवी होती, एवढंच माझ्या डोक्यात. दुसऱ्या दिवशी तू आलास. तूही रडला नाहीस. दहाव्याला तुझं डोकं भादरताना मी लांबून बघत होते. तेरावा झाला, तू परत गेलास, मी परत आले. लोक म्हणाले, आबांची पोरं खंबीर आहेत.

आता त्या फोटोबद्दल. तुलाही तो कुणीतरी दाखवला, कारण राखी पौर्णिमेच्या फोनवर तू म्हणालास, "मजा चाललीया तुजी." तू सहज म्हणालास. मीही हो म्हटलं.

श्रावणात आम्ही सडावाघापूरला गेलो होतो. पाटणच्या वरचं पठार. तिथं धबधबा वाऱ्यानं उलटा वर येतो, पाणी खाली पडायच्या ऐवजी आपल्याच तोंडावर उडतं. पवनचक्क्या, धुकं, आणि वारा असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कड्यापाशी एक माणूस आपल्या लहान मुलीला ओरडत होता, "मागं सर की गं बाय, मागं सर!" आबांच्या वयाचा नव्हता, दिसायलाही तसा नव्हता. पण वडापची जीप माणसांनी भरली की दार लावताना आबा ज्या आवाजात ओरडायचे, तोच आवाज. आणि मला रडू फुटलं. आबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी तोंड उघडून, ओरडून रडले. वाऱ्यात काही ऐकू जात नव्हतं आणि तोंडावर पाणीच पाणी होतं. प्रियदर्शनीला वाटलं मी हसतेय. तिनं फोटो काढला. उत्कर्षा पहिल्यांदा एवढी हसली, असं लिहून स्टेटसला टाकला. मी खाली बसले तेव्हा तिला कळलं. मग तिघांपैकी कुणी मला रडू नको म्हटलं नाही, मोकळी होही म्हटलं नाही. वारा येत होता त्या बाजूला सिद्धू आणि जयराज पाठ करून उभे राहिले, आणि प्रियदर्शनी माझ्याजवळ बसली. बराच वेळ. परत येताना सिद्धू एवढंच म्हणाला, "मॅडम, पुढच्या रविवारी पण आणू का हितंच?"

दादा, त्या फोटोत मी हसत नाही.

पण तो फोटो गेला मदुराईला, प्रियदर्शनीच्या चुलतभावाकडे. त्याच गल्लीत काकूचा भाऊ दुकानात आहे. तिथून संध्याकाळपर्यंत आपल्या वाडीत. तिसऱ्या दिवशी तात्या आबांची जीप घेऊन माझ्या खोलीवर हजर. चप्पल न काढता दारात उभे. "बाप जाऊन सा म्हैनं झालं न्हाईत, आन तू हितं दात काढून हिंडतीयास व्हय गं?" प्रियदर्शनी म्हणाली, "तात्या, बसा की. च्या टाकते." तात्या म्हणाले, "च्या प्याया न्हाई आलो." मग मोबाईल माझ्यापुढं धरून, फोटोच्या कडेला सिद्धूचा खांदा दिसतो त्याच्यावर बोट ठेवलं. "ह्यो कोण? फाट्यावर सोडाय आल्याला त्योच न्हवं ह्यो?"

काय सांगणार होते? मी रडत होते म्हणाले असते तर त्यांनी फोटो परत पुढं केला असता. प्रियदर्शनीनं सांगायला तोंड उघडलं, तर तिला म्हणाले, "बाय, तू आमच्या घरात पडू नगंस." आणि जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "आता वर्साच्या आत उरकायचं. इषय सपला." दादा, तात्या वाईट नाहीत. तेरा दिवस त्यांनीच सगळं निभावलं, हे मी विसरलेले नाही. त्यांना भावाच्या घराची अब्रू दिसते. पण त्या दिवसापासून मी नको म्हटलं, की त्या नको मध्ये त्यांना सिद्धू दिसतो. दिवाळीत मी आईला म्हटलं, मला आत्ता लग्न नको. आईनं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "त्या पोराचं काय हाय का गं?" काही नाही. खरंच काही नाही. आता असं झालंय की मी जेवढं नाही म्हणेन, तेवढं त्याचं नाव घट्ट होत जाईल. त्याचं घर कुपवाडलाच आहे, आणि तात्या एकदा गेटपर्यंत येऊन गेलेत. सिद्धूनं ती गोष्ट हसण्यावारी नेली. मला हसता आलं नाही. तेव्हापासून रविवारी ते तिघं जातात, मी खोलीवर असते.

आईचं सांगायचं राहिलं. ती एकच घोकते, तुजं झालं की मी सुटले. तीन वर्षं थांबलं तर पोरगी तिशीला टेकंल, मग कोण करणार, ही भीती तिच्यात काकूनं घातली. पण दादा, मी तिला बघतेय. आबा गेल्यापासून ती एक दिवस स्वस्थ बसलेली नाही. आधी पाहुणे, मग स्थळं, आता बस्ता. परवा याद्या काढताना काकू सहज म्हणाली, "कन्यादान आमी दोघं करू, वैनी मागं बसत्याल." आई हो म्हणाली, आणि उठून आत जाऊन रिकामाच हंडा घासत बसली. माझ्या लग्नात तिला कुंकवाच्या बायकांमागं उभं करतील. आबांना जाऊन वर्षही झालेलं नसेल, आणि तिला नवी साडी नेसून पाहुण्यांना हसून या म्हणावं लागेल.

हे सगळं तुला रडगाणं म्हणून लिहिलेलं नाही. मला रीत मोडायची नाही. रीत दोन सांगते, वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षांनी. सगळे पहिलीच्या मागं धावताहेत. मला दुसरी हवी आहे. ती तीन वर्षं सगळ्यांना शिक्षा वाटते, पण मला आणि आईला तेवढ्याच वेळात आबा गेले हे कळणार आहे. हे मी म्हटलं तर ते सिद्धूवर जातं, आई म्हणाली तर काकू तिला वेडी ठरवेल. दहावा-तेरावा तू केलास. वर्ष तुझ्या हातून व्हायचंय. तात्या चारचौघांत म्हणालेत, "शंभूराज न्हाई म्हणला तर मी मोडता घालणार न्हाई, पण त्यो कशाला न्हाई म्हणंल?" म्हणून हे पत्र. सुपारीच्या रविवारच्या आधी फोन कर. तात्यांनाच फोनवर घे, आणि म्हण, माझ्या बापाचं वर्ष मी शांतपणे करणार, लग्न तीन वर्षांनी. कारण देऊ नकोस. माझं नाव घेऊ नकोस. विश्वजीतला थांबायचं असेल तर थांबू दे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. तुझा फोन येईल तेव्हा मी वाडीत असेन, आईच्या शेजारी बसलेली. मला काही विचारलंस तर मी ठीक आहे म्हणेन. तेवढ्यावर फोन ठेवू नकोस.

तुझ्या फोनकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
उत्कर्षा