नदीच्या वळणाबाबत एझ्रा कोल्डवेल यांचे शेवटचे म्हणणे

मी, एझ्रा प्रेंटिस कोल्डवेल, वय पासष्ट, राहणार हार्लोज बेंड, इंडियाना. आधी कातडी कमावण्याच्या चांभारकुंडातला कामगार, मग कारकून, दोनदा सिनेटर आणि या राज्याच्या चार खंडांतल्या इतिहासाचा लेखक, लिहून ठेवतो की माझे डोके शाबूत आहे. पक्षाघाताच्या झटक्याने वाचा गेली, उजवा हात चालतो आहे.

माझ्यामागे कातडी तासण्याच्या सुऱ्या शेजारच्या टोबायसला द्याव्यात. मागून मागून तो थकला. सिनेटात मला 'कातड्या' म्हणणाऱ्यांना माझी सारी भाषणे. त्यांनी ती वाचावीत, एवढीच शिक्षा.

आता मुख्य गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा असताना इथल्या मूळच्या लोकांशी जमिनीचा करार झाला. कारकून म्हणून टिपणे घेण्याचे काम माझ्याकडे होते. त्यांचा नायक म्हणाला, "नदीचं वळण आमचंच राहील, बाकीचं घ्या." दुभाष्यानेही तेच सांगितले. सरकारतर्फे करार करणारे आमचे साहेब माझ्या कानाशी वाकले, "पोरा, सगळं दिलं असं लिही. का परत कुंडात उतरायचंय?" मी लिहिले. पुढे इतिहास लिहिताना पुरावा म्हणून तळटीपेत तेच टिपण दिले. माझ्या खोट्याला साक्षीदार मीच.

आता रेल्वे कंपनी माझा इतिहास कोर्टात दाखवून वळणावरची त्या लोकांची अकरा घरे उठवते आहे. जानेवारीत नायकाची नात अँजेलिक दारात आली. "कारकून, कान शाबूत आहेत ना तुझे? मग तेव्हा काय ऐकलंस ते सांग की एकदा!" मी हसलो, तिला सफरचंदाचा केक खाऊ घातला आणि वाटेला लावले. आठवड्यात झटका आला.

नंतर मी कोर्टाला खरे लिहून पाठवले. कंपनीचा वकील माझाच मुलगा ऑर्विल. तो म्हणाला, "बाबांना भ्रम झालाय, न्यायाधीशसाहेब." कागद न वाचता परत आला.

म्हणून राहते घर आणि बाग एकट्या ऑर्विलला देतो. अट एकच: निकालाआधी, म्हणजे एक मेच्या आत, हे मृत्युपत्र त्याने कोर्टात दाखल करावे आणि बाप शुद्धीवर होता अशी शपथ घ्यावी. नाहीतर सारे त्याच्या तिघी बहिणींना. बाळ, तुझा स्वभाव मी जाणतो. घर तू सोडणार नाहीस.

डॉक्टर म्हणतात, औषधावर मे महिना निघेल. मृत्युपत्र मेल्यावरच उघडते, आणि तेवढा वेळ अकरा घरांकडे नाही. कालपासून मी औषध न घेता उशीखाली ठेवतो आहे. डॉक्टरांना कोणी बोल लावू नये.

सही: एझ्रा प्रेंटिस कोल्डवेल
हार्लोज बेंड, १७ एप्रिल १८८४

मजकूर आम्ही वाचलेला नाही. सही करताना त्यांना पूर्ण शुद्धीवर पाहिले.
साक्षीदार: डॉ. लेमुएल स्ट्रिकर
टोबायस याउंट, लोहार