सहाच्या खाली पिल्लं नाहीत

४ फेब्रुवारी

ती दुकानात आली होती. माझ्यासाठी नाही — कोंबडीच्या पिल्लांसाठी.

सकाळची खोकी नुकतीच उतरवलेली. माझ्या केसांत भुसा, दोन्ही हातांत पाण्याची भांडी. कॉलेज सोडून पाच महिने झाले. पाच महिन्यांत तिला एकदाही समोरासमोर पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते अशा अवतारात.

"दोन हवीत," म्हणाली. मी विचार न करता भांडी खाली ठेवून दोन उचललीसुद्धा. आतून मामाचा आवाज — "सहाच्या खाली पिल्लं नाहीत!"

तिने विचारलं, का? मामाला हा प्रश्न भयंकर आवडतो. हातातलं काम टाकून बाहेर आला. "एका दिवसाचं पिल्लू हे. आई नाही, पिसं नाहीत. एकमेकांना चिकटून ऊब धरतात. दोन नेलीस आणि त्यातलं एक गेलं, तर उरलेलं थंडीने नाही, ओरडून ओरडून मरतं. सहातलं एक गेलं तर पाच असतात."

"पण आमचं अंगण एवढंसं. मोठी झाली की दोनच मावतील."

"मग जोडीदार शोध. हा लावून देईल." हा म्हणजे मी.

दुकानात त्यासाठी एक वही आहे. ज्यांना सहा नको असतात त्यांची त्यात नोंद. दोनवाला आणि चारवाला, तीनवाला आणि तीनवाला, असे जुळवायचे. सहाही पिल्लं तीन आठवडे एकाच घरी ठेवायची, दिव्याच्या उबेत. दोन्ही घरांनी मिळून बघायची. पिसं आली की वाटून घ्यायची. मामाचं डोकं. वही हल्ली माझ्याकडे असते, कारण मामाच्या मते माझं अक्षर तेवढं बरं आहे. बाकी सगळा आनंद.

मीच चार घेतो, असं ओठांवर आलं होतं. पण ती परत "का?" म्हणाली असती. त्या "का"ला माझ्याकडे मामासारखं उत्तर तयार नव्हतं.

५ फेब्रुवारी

वही घेऊन बसलो. चार पिल्लं हवी असणारे तिघे आहेत.

एक व्यायामशाळा चालवतो. त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. नाही.

दुसरा औषधाच्या दुकानातला. इतका गोड बोलतो की धडधाकट बायकांची डोकी दुखायला लागतात. मुळीच नाही.

तिसऱ्या बाई. मला सातवीत गणित शिकवायच्या. आता निवृत्त, गुडघ्यांनी बेजार, दर वाक्याला "अगं आई गं". झकास. लावली जोडी. व्यायामशाळेला कळवलं, तुमचा नंबर अजून लागला नाही.

मामी वहीत डोकावून म्हणाली, "आज एवढा मन लावून काम करतोयस, बरं आहे ना?"

८ फेब्रुवारी

सहा पिल्लं आज दुकानातून गेली. खोकं तिच्याकडे राहणार, त्यांच्या मागच्या खोलीत वारा लागत नाही म्हणून. मी तिला दिवा किती उंचीवर टांगायचा ते सांगत होतो. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय. ती ऐकत होती. फक्त माझं! पाच मिनिटं तरी.

मग एकदम म्हणाली, "माफीचं पत्र दिलंस तर अजून परीक्षेला बसू देतील. मी सरांना विचारलंय."

मी म्हटलं, माफी नाही मागणार. तो तुझ्याबद्दल जे बोलला—

"मी सांगितलं होतं का तुला त्याचे दात पाडायला? तो बोलला ते चार जणांनी ऐकलं होतं. तू मारलंस, मग सगळ्या कॉलेजला कळलं."

बाई शेजारीच उभ्या. म्हणाल्या, "हा सातवीतही असाच होता. उत्तर बरोबर असायचं, पण कुणी शंका घेतली की वही फेकायचा."

दोघी हसल्या. मला पण हसायला हवं होतं. मी खोक्याला दोरी बांधत बसलो.

११ फेब्रुवारी

तिने सरांना विचारलं. माझ्यासाठी. तीन दिवस हे एकच वाक्य चघळतोय, अजून गोडी जात नाही.

१५ फेब्रुवारी

बाई पिल्लांच्या खाण्याचा भरडा न्यायला आल्या. पिल्लं कशी आहेत विचारलं, तर म्हणाल्या, "मी कुठली जाते रे, तिच्या घराची ती चढण! मुलगा जातो ना रोज, कामावरून येताना. दिवा वर-खाली करायची छान सोय केलीय त्याने."

मुलगा.

बाईंना मुलगा आहे. वायरमन आहे. आमच्या गल्लीतला खांब त्यानेच दुरुस्त केला होता. उंच आहे, शांत आहे, आणि कुणाचे दात पाडल्याचं ऐकिवात नाही. वहीत तीन नावं तपासणारा मी, घरात आणखी कोण हे विचारायची अक्कल मला नको?

१७ फेब्रुवारी

रोज. म्हणजे रविवारीसुद्धा?

१८ फेब्रुवारी

मामाला म्हटलं, आपण जाऊन पिल्लं तपासायला हवीत. मामा म्हणाला, "आजवर कधी गेलोय?"

२१ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. लिहितो.

दुपारी चारला गेलो. तिच्या घराची मागची बाजू गल्लीकडे उघडी आहे. ती पायरीवर बसलेली. तो समोर उकिडवा, ओंजळीत पिल्लू. पिल्लाच्या पंखांना पिसं फुटली होती, तो ती एकेक उलगडून दाखवत होता. ती हसत होती. तसं हसताना मी तिला कॉलेजमध्येही पाहिलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, पिल्लं बघायला येतोस की पोरगी बघायला? आणखीही बरंच बोललो. ते इथे लिहवत नाही. समोरच्या गॅलरीत बायका आल्या. शिंप्याचं मशीन थांबलं. तिचे बाबा दारात येऊन उभे राहिले.

त्याने आधी पिल्लू खोक्यात ठेवलं, नीट, मग उभा राहिला. त्याने एक शिवी दिली असती तरी मला पुरलं असतं.

ती म्हणाली, "तू जा. आत्ता."

२२ फेब्रुवारी

मामाला सगळं कळलंय. शिव्या देईल वाटलं होतं. नुसता म्हणाला, "वही दे इकडे." दिली.

२४ फेब्रुवारी

ती आली. काउंटरच्या पलीकडेच उभी राहिली.

"त्याच्यात आणि माझ्यात काही नव्हतं. भरडा संपला, दिवा गेला, एवढंच बोलायचो आम्ही. आता अख्खी गल्ली बाकीचं बोलतेय. बाबा दोन दिवस जेवले नाहीत."

मी म्हटलं, मी सगळ्यांना जाऊन सांगतो, माझी चूक होती.

"नको. तू सांगायला लागलास की आणखी चार गल्ल्यांना कळेल."

मी म्हटलं, मला तू— पुढचं तोंडातून निघेना. दोन वर्षं घोकलेलं वाक्य.

"माहीत आहे," ती म्हणाली. "केव्हाचं माहीत आहे. वाट बघत होते, तू नुसतं सांगशील म्हणून. मारामारी न करता."

गेली. मागे कुणीतरी अंड्यांच्या लेयर आणि खायच्या ब्रॉयलर कोंबड्यांमधला फरक विचारत होतं. मी सांगितला. काय सांगितलं देव जाणे.

२५ फेब्रुवारी

"होते" म्हणाली. "बघत होते."

२७ फेब्रुवारी

माफीचं पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. कॉलेजला नाही, तिला. तीनदा फाडलं, चौथं बरं झालंय. उद्या देतो.

२८ फेब्रुवारी

तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. शिंप्याने मान वर करून पाहिलं. परत आलो. थोडे दिवस जाऊ देत. लोक विसरतील.

४ मार्च

नवीन दोनशे पिल्लं आली. एक मरून आलं. मामा म्हणाला, एवढं चालायचंच. मी आत जाऊन रडलो. मामीने पाहिलं आणि घासायची भांडी उचलून बाहेर गेली, म्हणजे मला एकट्याला आतली खोली मिळावी.

७ मार्च

बाई आल्या होत्या. म्हणाल्या, पिल्लं वाटायची नाहीत आता, सहाही एकाच घरची झाली. "खरं सांगू? आमच्या कुणाच्या मनातही नव्हतं रे. तू त्या दिवशी ओरडलास म्हणून मी पोराला विचारलं, खरं आहे का हे? नाही म्हणाला. मग जेवताना आपणहून म्हणाला, पण वाईट काय आहे? तिच्याकडे लग्नाचं विचारलं. चार दिवस घेतले तिने. काल हो म्हणाली."

मी म्हटलं, अभिनंदन, बाई.

बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शहाणा झालास रे," म्हणाल्या.